मोरचुदाची विहीर

धंदा कुठं शिकलात, असं मला अजून लोक विचारतात. कोरेगावच्या बाजारात अंडी विकत शिकले, असं मी सांगते. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं आमच्या अण्णांनी शिकवलं, आणि त्याबद्दल मी त्यांचे आभार मानणार नाही. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलत नाही, जे झालं ते सांगते. ते ऐकायला वाईट वाटत असेल तर त्याला मी काय करू?

आमचं गाव कोरेगावच्या पलीकडं, माळावर. वडील फौजेत होते. वर्षातून एकदा यायचे, काळ्या पत्र्याची ट्रंक ओसरीवर ठेवायचे आणि घराला चार-आठ दिवस बुटाच्या पॉलिशचा वास यायचा. ते गेले की घर पुन्हा अण्णांचं. अण्णा सकाळी खाकरायचे तेव्हा गोठ्यातली म्हैससुद्धा उठून उभी राहायची. त्यांच्या चपलेला खाली खिळे ठोकलेले होते. फरशीवर त्यांचा आवाज आला की आई पदर सारखा करायची, काकी भाकरी थापायचा वेग वाढवायची आणि मी हातातलं काम टाकून दुसरं कुठलं तरी अवघड काम धरायची. घरात पलंगाखाली वाळूत पसरलेले बटाटे असायचे, रात्री त्यांचा मातकट वास नाकात बसायचा. जेवायला बहुतेक दिवस घेवड्याची आमटी. आमच्याकडचा घेवडा नावाजलेला आहे हे मला फार पुढं कळलं. त्या वयात मी देवाजवळ एकच मागायची, की एखादं वर्ष तरी घेवड्यावर रोग पडू दे.

कोंबड्या मात्र माझ्या होत्या. म्हणजे आईनं माहेरून आणलेल्या एका कोंबडीची ती प्रजा, आणि तिचं सगळं मी बघायची. दर बाजाराला अंडी घेऊन कोरेगावला जायचं आणि विकून यायचं. भाव पहिल्यांदा आपण सांगायचा नाही, गिऱ्हाइकाच्या पिशवीत आधी काय काय पडलंय ते बघायचं, आणि गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालं की पाच पावलं जाऊ द्यायचं, हे सगळं मला अंड्यांनी शिकवलं. फक्त एक अडचण होती. बाजाराला जायचं ते अण्णांच्या गाडीतून, अण्णांना वाटेल तेव्हा. ते निघायचे ऊन चढल्यावर. आम्ही पोचेपर्यंत चांगली गिऱ्हाइकं अंडी घेऊन घरी गेलेली असायची. कोरेगावच्या दवाखान्यात एक सिस्टर होत्या, त्या पांढऱ्या साडीत सायकलवरून यायच्या. बिनदांडीची, पुढं टोपली लावलेली सायकल. त्या टोपलीत किती अंडी बसतील, हे मी त्यांच्याकडे बघताबघता मनात मोजून टाकलं होतं.

"अण्णा, मला सायकल पायजे," मी एकदा जेवताना म्हणाले. काकीचा हात परातीतच थांबला.

"सायकल?" अण्णा म्हणाले. "आज सायकल म्हणतीयास, उद्या उडायला इमान मागशील. गप जेव."

"इमान कशाला? इमानात अंडी फुटत्याल."

आईनं पाठीत धपाटा घातला. पण सायकल माझ्या डोक्यातून गेली नाही. मी एकोणीस वर्षांची होते, आणि मला त्या वर्षी जगातली दुसरी कुठलीही गोष्ट नको होती.

त्याच उन्हाळ्यात अण्णांनी मळ्यात विहीर काढायला घेतली. मातीचा थर गेला, मुरूम गेला आणि काळा पाषाण लागला. मग सुरुंग सुरू झाले. दुपारी आरोळी यायची, सगळे लांब पळायचे, जमीन पोटातून ढेकर दिल्यासारखी हलायची आणि माझ्या कोंबड्या दुसऱ्या दिवशी अंडी द्यायच्या नाहीत. ह्या नुकसानीबद्दल मी अण्णांशी बोलले होते, त्यांनी लक्ष दिलं नाही. फुटलेलं डबर पाट्यांत भरून यारीच्या दोरानं वर यायचं आणि काठावर ढीग वाढत जायचा. आमच्या काळ्या दगडात पोकळ्या असतात आणि त्या पोकळ्यांत पांढऱ्या गारा असतात, हे आमच्या भागात कुणालाही नवं नाही. तुळशीच्या कट्ट्याभोवती त्या लावलेल्या असतात, पोरं त्यांनी खेळतात. त्यामुळं गारा निघाल्या तेव्हा कुणी मान वळवून बघितलं नाही. पण एका दुपारी सुरुंगाचा धूर विरला आणि डबराची पाटी वर आली, ती निळी.

निळी म्हणजे कशी, ते सांगायला मला आज दगडांच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या धंद्यानंतरही नीट जमत नाही. मोराच्या मानेचा निळा, पण त्याला आतून दिवा लावलेला. पांढऱ्या, साईच्या रंगाच्या दगडावर बोराएवढे, हरभऱ्याएवढे गोळे बसलेले, आणि प्रत्येक गोळा म्हणजे बारीक सुया मध्यातून बाहेर फुटलेल्या, कदंबाच्या फुलासारख्या. खालचा पांढरा दगड पापुद्र्यांचा, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा चमकणारा. मी पाटीजवळ गेले तर मागून कुणीतरी ओरडलं, "हात लावू नगं पोरी! मोरचूद हाय ते!"

आमच्या भागातल्या माणसाला निळा रंग दिसला की पहिल्यांदा मोरचूदच आठवतं. बटाट्यावर करपा पडू नये म्हणून मोरचूद आणि चुना कालवून फवारायचा, ते निळं पिंप प्रत्येक मळ्यात. पोटात गेलं तर माणूस राहत नाही, हे पोराटोरांना पाठ. अण्णा काठाशी आले, पाटीत डोकावले आणि त्यांचा चेहरा उतरला. इतका पैसा घालून विहीर काढायची आणि खाली मोरचुदाची खाण लागायची! त्यात त्यांची भावकीवर पहिल्यापासून शंका. कुणीतरी रात्रीतून पोतं ओतलं असणार, असं ते तासभर बोलत राहिले. पोतं ओतलं तर ते पाषाणाच्या पोटात कसं शिरलं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मी विचारलं. संध्याकाळपर्यंत गावात झालं, "अण्णाच्या इहिरीला पाण्याच्या आधी मोरचूद लागलं." त्या विहिरीला अजून मोरचुदाची विहीर म्हणतात, आणि तिचं पाणी गावात सगळ्यात गोड आहे.

"ते निळं डबर हितं ठिवू नगा," अण्णा म्हणाले. "लांब वड्यात टाका."

"मी घिऊ?" मी विचारलं.

"घे की. ढीगच्या ढीग घे. समदं डबर तुझं. माझ्या डोळ्यासमोर नगं."

"नक्की? परत न्हाई मागायचं."

"मागितलं तर नाव बदलीन!"

काठावर दहा-बारा माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. अण्णांनी पुढं मागितलंही, आणि नाव मात्र शेवटपर्यंत तेच ठेवलं.

मी दोन तुकडे निवडले. एक चांगला नारळाएवढा, त्यावर सात-आठ गोळे, पण बरेच कडेनं टवके गेलेले. दुसरा मुठीएवढा. त्याच्यावर एकच गोळा, लिंबाएवढा, पुरा, एकही सुई न मोडलेली, आणि खाली दुधासारखा पांढरा दगड. तो बघितला की जीभ टाळ्याला चिकटायची. बाकीचं डबर माणसांनी घाबरून ओढ्यात लोटलं आणि वर माती टाकली. हे आठवलं की मला आजही जेवण जात नाही.

मला पहिल्यापासून शंका होती. मोरचूद मी हातानं कालवलेलं होतं. ते काचेसारखं असतं, ह्या सुया वेगळ्या. मी निळ्याचा एक चुरा रात्रभर वाटीत पाण्यात ठेवला. मोरचूद असतं तर सकाळी पाणी निळंशार झालं असतं. पाणी होतं तसंच, चुरा होता तसाच. मग फवारणीचं पाणी तपासतात तसा चकचकीत घासलेला विळा त्यात बुडवून ठेवला. मोरचुदाच्या पाण्यात लोखंडावर तांबूस थर धरतो, धरला की समजायचं चुना कमी पडला. विळा पांढराच राहिला. नखानं ओरखडा उठेना, पण सुईच्या टोकानं उठला. चुरा जिभेला लावला, चव नाही. मोरचूद जिभेला लावलं तर माणूस तासभर थुंकत बसतो. एवढं झाल्यावर माझी खात्री पटली, आणि खात्री पटल्यावर मला जरा मस्ती सुचली.

अण्णा न्याहारीला बसले होते. मी वाटी घेऊन समोर गेले. "अण्णा, ह्यात तुमचं मोरचूद हाय," असं म्हणाले आणि वाटी तोंडाला लावून मोकळी केली. मग डोळे फिरवले आणि ओसरीवर आडवी झाले. अण्णांच्या हातातली भाकरी पडली. काकी देवाला नारळ बोलली. आईनं मात्र जवळ येऊन माझ्याकडं एकदा नीट बघितलं, आणि अशी कानाखाली दिली की मी आपोआप उठून बसले.

"मेलेलं माणूस कान चोळतंय व्हय गं?" आई म्हणाली.

"मोरचूद न्हाई ते!" मी ओरडले. "इहिरीचं पाणी चांगलं हाय. कळलं का आता?"

अण्णा माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. पण त्याच दुपारी विहिरीचं बंद पडलेलं काम पुन्हा सुरू झालं, हे मी बघितलं. माझ्यामुळं झालं असं कुणी म्हणालं नाही. ते दोन्ही तुकडे मी कोंबड्यांच्या खुराड्यावर, फाटक्या पोत्याखाली ठेवून दिले.

दिवाळीला मामा आला. आईचा धाकटा भाऊ, राहायला सांगलीजवळ माधवनगरला, आणि कामाला सांगलीच्या हळदीच्या पेठेत, मापाडी. अंगाला कायम हळदीचा वास, नखं पिवळी. मामा गोड बोलायचा आणि बोलताबोलता समोरच्याच्या ताटातला लाडू उचलायचा. तो अंडी बघायला म्हणून खुराड्याशी गेला आणि नारळाएवढा तुकडा हातात घेऊनच आला.

"अगं शके, हे कुठलं? आमच्या तात्या शेट्यांच्या पेढीवर असलं एक ठेवलंय काचेच्या पेटीत. असं निळं न्हाई, हिरवं. पुण्याचा एक सायब येतो, बाहेरच्या देशात धाडतो म्हणं. पैसं देतो गड्या, दगडाचं पैसं!"

ओसरीवर बसलेल्या अण्णांच्या कानापर्यंत 'पैसं' हा शब्द गेला. खिळ्यांच्या चपला वाजल्या.

"इहीर कुणाची?" अण्णांनी विचारलं.

"तुमची," मी म्हणाले. "डबर माझं."

"इहीर माझी तर डबर माझं."

"दहा माणसांत बोलला हुता!"

"मोरचूद हाय म्हणून बोललो हुतो. हे मोरचूद न्हाई, असं तूच म्हणालीस न्हवं?"

ह्याला काय म्हणायचं? विष असेल तर तुझं आणि माल असेल तर माझा. मी एवढी संतापले की समोरची घागर लाथेनं उडवली आणि पाय ठेचून घेतला. तो अंगठा पावसाळ्यात अजून दुखतो. शेवटी आईनं मध्यस्थी केली. "भावजी, सांगलीला पोरीला संगं न्या. तिला दगडाचं कळतंय, तुमाला सौद्याचं कळतंय." आईनं आयुष्यात जी थोडी वाक्यं मोठ्यानं म्हटली, त्यातलं हे एक.

अण्णांना एकाच दगडाची खबर होती. दुसरा मी जाण्याच्या आदल्या दिवशी ॲल्युमिनियमच्या डब्यात साळीच्या लाह्या भरून त्यात मधोमध पुरला. लाह्यांसारखी दुसरी वस्तू नाही. सुईचं टोकसुद्धा मोडत नाही. आज माझ्याकडून माल लांबवर जातो तो परदेशी फोममध्ये, पण खरं सांगते, लाह्यांवर माझा जास्त विश्वास आहे. "मामीला लाह्या घेतल्यात," असं मी अण्णांना सांगितलं. आईनं डबा उचलून बघितला, वजन तिच्या हाताला कळलं. तिनं वरून फडकं बांधलं आणि दोन गाठी जास्तीच्या मारल्या.

एस. टी. उंब्रजला थांबली तेव्हा अण्णांना भूक लागली.

"लाह्या काढ गं."

"मामीच्या हायत."

"मामीला एवढ्या काय करायच्यात? ती काय कोंबडी हाय?"

त्यांनी डबा ओढला. मी डबा धरला. फडक्याच्या गाठी अण्णांना सुटेनात, ते दातानं सोडायला लागले. मी खिडकीतून ओरडून भज्यांच्या दोन पुड्या घेतल्या, माझ्या अंड्यांच्या पैशांनी, आणि त्यांच्या मांडीवर ठेवल्या. अण्णांनी गाठ सोडली. म्हणजे तोंडातली. कराड येईपर्यंत दोन्ही पुड्या त्यांनी एकट्यानं संपवल्या, मला एक भजं दिलं नाही. तेही मी विसरलेली नाही.

सांगलीची हळदीची पेठ म्हणजे हवाच पिवळी. पोती, धूळ, हमालांच्या आरोळ्या, नाकात सारखी शिंक. तात्या शेट्यांची पेढी मोठी. गादीवर तात्या, जाडजूड, कपाळाला बुक्का. लोडाला टेकून पुण्याचे साहेब चहा पीत बसलेले, चष्मा, खिशाला अडकवलेलं भिंग. मामानं दगड गादीवर ठेवला. साहेबांनी चहाची बशी खाली ठेवली आणि दुसरीकडं बघायला लागले. मी मात्र त्यांचा हात बघत होते. बशी ठेवताना चहा सांडला होता.

आता तिथली रीत सांगायला हवी. हळदीचा सौदा तोंडानं होत नसे. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसायचे, दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा, आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव व्हायचा. कुठलं बोट, किती बोटं, त्यावर आकडा. शेजारी बसलेल्याला कळत नाही की काय ठरतंय. बैलबाजारातही हेच, त्यामुळं अण्णा त्यात तरबेज. तात्यांनी रुमाल टाकला. अण्णांनी हात आत घातला. दोघांनी आढ्याकडं बघायला सुरुवात केली, जशी काही आढ्यावर पाल आहे. रुमाल जरा हलला, थांबला, पुन्हा हलला.

मला तेव्हा डाव दिसला. साहेब दगड घ्यायलाच बसलेत. तात्या अण्णांकडून रुमालाखाली चार पैशांत घेणार आणि अण्णा पेढीच्या पायऱ्या उतरले की साहेबांना चाळीस पैशांत देणार. साहेबांना अण्णांचा भाव कळायला नको आणि अण्णांना साहेबांचा. सगळं त्या हातभर कापडावर चाललेलं.

"ठरलं," अण्णा म्हणाले.

"काय ठरलं?"

"तू च्या पी."

"दगड माझा हाय," मी म्हणाले. आवाज जरा मोठा आला असावा, कारण बाहेरचे हमाल दारात गोळा झाले. "सौदा माझ्यासंगं करा."

तात्या हसले. "पाटील, माल नक्की कुणाचा?"

"घरचाच हाय ओ," अण्णा म्हणाले, आणि मालकी दाखवायला त्यांनी दगड उचलला. उचलला तो बरोबर निळ्या गोळ्यावर अंगठा दाबून. कर्र झालं. साहेब गादीवरून उभेच राहिले.

"अहो! तिथं हात नका लावू! अहो, सोडा तो!"

मी दगड अण्णांच्या हातून घेतला, खालून, पांढऱ्या बाजूनं, दोन्ही तळव्यांवर. साहेबांकडं न बघता म्हणाले, "निळ्याला हात लावायचा नसतो. सुया मोडत्यात. मोडल्या की किंमत गेली. पाण्यात विरघळत न्हाई, लोखंडावर तांबं धरत न्हाई, नखाला ऐकत न्हाई, सुईला ऐकतो."

साहेब माझ्याकडं बघत राहिले. "तुम्ही तांब्याची परीक्षा केलीत?"

"इळ्यानं."

"बरोबर आहे. ह्यात तांबं नाहीच."

तात्या शेटे व्यवहाराला पक्के. "माल हिचाच दिसतोय, पाटील," ते म्हणाले, आणि तीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी रुमाल झटकला, स्वतःच्या हातावर टाकला आणि हात माझ्यापुढं केला.

दारातले हमाल पुढं सरकले. तात्यांच्याही तेव्हाच लक्षात आलं की रुमालाखाली एका परक्या तरण्या पोरीचा हात धरायचा आहे. वरच्या माडीवर त्यांचं बिऱ्हाड होतं, आणि माडीच्या जिन्यात बांगड्या वाजल्या.

मी हात पुढं केला. "घाला की तात्या. कुठलं बोट धरायचं?"

"अगं ए!" अण्णा ओरडले.

तात्यांनी हात असा मागं घेतला, जसा काही विंचवावर पडला होता. हमाल खिदळायला लागले. मामा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते.

"मग तोंडानं बोला," मी म्हणाले. "मोठ्यांदा. मला कमी ऐकू येतं."

"पन्नास," तात्या पुटपुटले.

"किती?"

"पन्नास ओ!"

साहेबांनी मान वळवून तात्यांकडं बघितलं. गेली कित्येक वर्षं ह्या माणसाकडून आपण दगड कितीला घेतो आणि ह्याला तो कितीला पडतो, हे त्यांना त्या एका शब्दात कळलं असावं. "शंभर," ते म्हणाले. तात्या लाल झाले. "सायब, पेढी माझी हाय!" "हो, पण माल त्यांचा आहे." "सव्वाशे." "दोनशे." मी दगड तळव्यावर धरून नुसती उजेडाकडं फिरवत राहिले, गोळे चमकत राहिले. तात्यांनी अडीचशेला खाली बसून पाणी मागितलं. साहेब तीनशेवर थांबले. मी दगड पोत्यात गुंडाळायला घेतला आणि दाराकडं वळले. पाचवं पाऊल पडायच्या आत साहेब म्हणाले, "चारशे. आणि त्याच्यापुढं खरंच नाही. ह्याचे टवके गेलेत."

"दिला," मी म्हणाले आणि हात पुढं केला.

साहेबांनी पाकीट काढलं, नोटा मोजल्या आणि अण्णांच्या हातात दिल्या.

माझा हात तसाच पुढं. त्यांच्या मनात काही वाईट नसावं, हे मला आज कळतं. घरातला वडीलधारा पुरुष समोर उभा असताना पैसे पोरीच्या हातात द्यायचे नसतात, एवढंच त्यांना माहीत. अण्णांनी नोटा थुंकी लावून पुन्हा मोजल्या, बंडीच्या आतल्या खिशात घातल्या आणि वरून सदरा सारखा केला.

"अण्णा, ते माझं हायत."

"घर एक हाय का दोन?" अण्णा म्हणाले. "एक हाय न्हवं? मग तुझं काय आन् माझं काय!"

दगडाच्या वेळी घर दोन होतं, पैशाच्या वेळी एक झालं. मी ओरडले नाही. जे मला ओळखतात त्यांना हे पटणार नाही, पण ओरडले नाही. माझ्या काखेत लाह्यांचा डबा होता.

मामा दलालीसाठी तात्यांच्या मागं लागला आणि नंतर त्यानं ती अण्णांकडूनही घेतली. अण्णा विहिरीच्या इंजिनाची चौकशी करायला गेले. "स्टँडवर ये गं सरळ," असं मला बजावून. साहेब पेठेच्या तोंडाशी उसाच्या रसाच्या दुकानात बसले होते. मी त्यांच्या समोरच्या बाकावर बसले, गाठी सोडल्या, लाह्या बाजूला सारल्या.

साहेबांनी भिंग डोळ्याला लावलं. रसाच्या ग्लासावर माशा बसल्या तरी त्यांना पत्ता नाही. पुष्कळ वेळानं त्यांनी दगडाचं नाव सांगितलं, कॅव्हनसाइट. जगात हा दगडच नवा आहे, ह्यात व्हॅनेडियम नावाचा धातू असतो, त्याचा हा निळा, असं काय काय बोलले. मला त्यातलं नाव तेवढं पाठ झालं.

"हा तिथं आधी का नाही दाखवलात?" त्यांनी विचारलं.

"आधी किंमत कळायची हुती."

"पण हा लहान आहे..."

"टवका न्हाई. तुम्हीच म्हणालात, टवक्यानं किंमत जाते. मग बिनटवक्याची वाढायला नगं?"

ते हसले. चारशेला तयार झाले. मी म्हणाले, "चारशे आणि एक. पहिल्याचं पैसं तुम्ही चुकीच्या हातात दिलंत, त्याचा एक रुपया दंड. आणि हे माझ्या हातात द्या." त्यांनी दिले. गाव कुठलं, हे त्यांनी परोपरीनं विचारलं. मी सांगितलं नाही. पुस्तकं आज म्हणतात की आपल्याकडं हा दगड पुण्याजवळच सापडतो. म्हणू देत.

सायकल जुनी मिळाली, पण बिनदांडीची आणि पुढं टोपली असलेली. दुकानदारानं सांगितलेली किंमत मी किती खाली आणली, ते इथं लिहीत नाही, त्याची पोरं अजून दुकान चालवतात. मला चालवता येत नव्हती, म्हणून हातात धरून स्टँडपर्यंत आणली. अण्णा गाडीच्या दाराशी उभे होते. त्यांनी सायकलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा सायकलीकडं.

"कुणाची?"

"माझी."

"पैसं कुठनं आणलंस?"

"घर एक हाय न्हवं अण्णा? तुमचं काय आन् माझं काय!"

ते काही बोलणार तेवढ्यात हमालानं सायकल उचलून टपावर चढवली आणि कंडक्टर पंच वाजवत आला. "सायकल कुणाची? लगेजचं तिकीट कोण काढणार?" मी सरळ अण्णांकडं बोट केलं आणि गाडीत जाऊन खिडकीशी बसले. मागं रांग अडली, लोक ओरडायला लागले, ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. अण्णांनी सदरा वर केला, बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि माझ्या चारशेतली एक नोट काढली.

कंडक्टरनं दिलेलं ते तिकीट अण्णांनी माझ्या मांडीवर टाकलं. माझ्या पहिल्या दगडाचं मला परत मिळालं ते एवढंच.